सोडतीचा अर्ज भाडेकरारापाशी अडतो: गृहनिर्माण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृहनिर्माण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हाडा, गृहनिर्माण भवन, वांद्रे (पूर्व)
मा. आयुक्त, राज्यातील सर्व महानगरपालिका

विषय: अल्प व अत्यल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना आपल्या भागातले परवडणारे घर शोधताना येणाऱ्या अडचणी आणि भाड्याच्या मदतीबाबत

महोदय,

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक, सगळी माहिती एकत्र देणारे राज्यस्तरीय पोर्टल, नोकरदार महिला, विद्यार्थी आणि कामगारांसाठी भाड्याची घरे, असे बरेच काही त्यात आहे. त्यातल्या आकड्यांवर वाद घालायला हे पत्र नाही. म्हाडा, सिडको आणि पंतप्रधान आवास योजनेचे अर्ज भरून देण्याचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना एकच गोष्ट सांगायची आहे. माणूस सोडतीत हरतो तो पुढे. त्याआधी कागदांतच गळणारे खूप आहेत, आणि त्या गळतीचा उगम बहुतेक वेळा एकाच कागदात असतो. तो कागद म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार.

पत्र खुले ठेवले आहे, कारण यातला बराचसा तपशील अर्जदारालाही उपयोगी पडेल.

अत्यल्प उत्पन्न गटातला अर्जदार येतो तेव्हा त्याच्याकडे फाइल नसते, कापडाच्या दुकानातली पिशवी असते. पिशवीत लॅमिनेशन केलेले आधार कार्ड, त्यावर गावचा पत्ता. पॅन कार्ड, त्यावर लग्नाआधीचे नाव. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर. वीजबिल घरमालकाच्या नावावर. आणि पाचशेच्या मुद्रांकावर टाइप केलेला, नोटरीचा लाल शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार, जो मागच्या दिवाळीतच संपला. घरमालकाची सही शेवटच्या पानावर आहे, पहिल्या पानावर नाही. खोलीचा क्रमांक एका जागी ७, दुसऱ्या जागी ७/अ. एवढ्या कागदांवर या कुटुंबाने पंधरा वर्षे शहरात काढली आहेत, आणि ती काढल्याचा पुरावा जवळजवळ शून्य आहे.

'अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही' हे वाक्य दलालापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे ठासून सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून हा समज रुजला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते, की लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. इतके स्पष्ट कलम असताना नोटरीचे करार गल्लोगल्ली चालतात, कारण कलम ५५ खाली कोणावर कारवाई होताना कुणी पाहिलेली नाही.

खर्च हे कारण पुढे केले जाते, म्हणून हिशेब मांडतो. भाडे महिना १२ हजार, डिपॉझिट ५० हजार, मुदत ११ महिने. एकूण भाडे १,३२,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते साधारण ४,५८३. बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ३४१ रुपये. पूर्णांक केला तरी चारशेच्या आत. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणीचे ३००. सगळे मिळून १,७०० रुपये. यावर एजंट आपले हजार-दीड हजार लावतो तो भाग वेगळा.

हाच करार ६० महिन्यांचा केला, तर भाडे ७,२०,००० आणि डिपॉझिटवरचे व्याज २५,००० धरून शुल्क १,८६० च्या आसपास येते. नोंदणी आणि हाताळणी मिळवून पाच वर्षांसाठी ३,२०० रुपये. अकरा-अकरा महिन्यांचे करार पाच वर्षे करत गेले, तर सव्वानऊ हजार. म्हणजे लांब मुदत स्वस्त पडते. तरी अकराच महिने लिहिले जातात, कारण दर अकरा महिन्यांनी दलालाला दलाली मिळते आणि घरमालकाला भाडे वाढवता येते. भाडेकरूच्या बाजूने पाहिले, तर पंधरा वर्षांत सोळा-सतरा करार, सोळा-सतरा मुदती, आणि मधल्या प्रत्येक फटीत वास्तव्याचा एक पुरावा गहाळ.

घरमालकाची भीती खरी असते, हेही सांगायला हवे. 'नोंदणी केली की भाडेकरू हक्क सांगेल' ही ती भीती. कायदा याच्या उलट आहे. कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर माणूस जागा सोडत नसेल, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि तोपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. संरक्षण नोंदलेल्या कराराला आहे, नोटरीच्या शिक्क्याला नाही. ही दोन वाक्ये नोंदणी विभागाने प्रत्येक मालमत्ता कराच्या बिलामागे छापली, तर आमच्या शंभर समजावण्यांचे काम होईल.

आता या कागदाचा सोडतीशी संबंध. म्हाडाने जानेवारी २०२३ पासून नवी संगणकीय प्रणाली आणली, ती चांगली आहे. पूर्वी सोडत लागल्यावर कागद तपासत. विजेता महिनोन्महिने चपला झिजवायचा आणि शेवटी अपात्र ठरायचा. आता आधी नोंदणी, आधी कागद, मग अर्ज. आधार आणि पॅन डिजिलॉकरमधून पडताळले जातात. त्यानंतर अधिवास प्रमाणपत्र लागते, तेही गेल्या पाच वर्षांतले आणि बारकोडचे. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला. आरक्षित प्रवर्ग असेल तर जातीचे प्रमाणपत्र. अर्जाचे शुल्क (मुंबईच्या २०२४ च्या सोडतीत ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे ५९०) परत मिळत नाही. अनामत रक्कम गटाप्रमाणे वेगळी असते आणि घर न लागल्यास परत येते.

कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात ते पुढच्या चार जागी तुटते.

अधिवास प्रमाणपत्र ही पहिली आणि सर्वांत मोठी जागा. म्हाडाच्या नियमाप्रमाणे अर्जदाराचे राज्यात सलग पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. ज्याचा जन्म आणि शाळा इथली, त्याचे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागते. जी बाई लग्न होऊन दुसऱ्या राज्यातून आली, जो बांधकाम मजूर पंचवीस वर्षे ठाण्यात राहतो पण कधी शाळेत गेला नाही, त्याने वास्तव्य दाखवायचे कशावर? वीजबिल मालकाचे. करार नोटरीचे, तेही मधले गहाळ. मग तलाठ्याचा दाखला, नगरसेवकाचे पत्र, हलफनामा, आणि सेतू केंद्राबाहेरचा 'करून देतो' म्हणणारा. सोडतीची जाहिरात आल्यावर ही धावपळ सुरू होते आणि अर्जाची मुदत संपते. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिवास आणि उत्पन्न दोन्ही दाखल्यांना १५ दिवसांची मुदत आहे. त्यापुढे गेल्यास पहिले अपील, दुसरे अपील, शेवटी आयोग. अर्जदारांना आमचा सल्ला एकच असतो: सोडतीची वाट पाहू नका, अधिवास प्रमाणपत्र आजच काढा, आणि 'आपले सरकार'वरच्या अर्जाची पोचपावती जपा. पावती नसेल तर अपील नाही.

दुसरी जागा उत्पन्नाची. जाहिरातीत आर्थिक वर्ष लिहिलेले असते, विवरणपत्रावर कर निर्धारण वर्ष छापलेले असते. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र 'निर्धारण वर्ष २०२४-२५' म्हणून येते. लोक २०२३-२४ छापलेला कागद शोधून चढवतात, म्हणजे एक वर्ष मागचा, आणि अर्ज परत येतो. पती-पत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते, हेही अनेकांना शेवटी कळते. तहसीलदाराचा दाखला एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा अशा दोन तऱ्हांनी निघतो; कोणता हवा ते जाहिरातीत वाचून मगच मागावा.

तिसरी जागा नावाची, आणि इथे सर्वांत जास्त बायका गळतात. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, बँकेत दोन्हींचे मिश्रण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर 'डबल ई', दुसऱ्यावर 'आय'. यंत्राला या दोन बायका दिसतात. आधी आधार दुरुस्त करावे, मग त्याच स्पेलिंगने पॅन, मग बँक, हा क्रम उलटा केला की फेऱ्या वाढतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो नंबर ज्या पोराच्या हातात, ते पोर कामावर, आणि ओटीपीची वेळ संपलेली, हे तर रोजचेच.

चौथी जागा बँकेची. अनामत परत येते ती दिलेल्या खात्यावर. बँकांच्या विलीनीकरणानंतर कितीतरी शाखांचे आयएफएससी, म्हणजे शाखेचे कोड, बदलले, पासबुकवर मात्र जुनाच छापलेला आहे. पैसे अडकले की अर्जदार म्हाडाला शिव्या घालतो. चूक एका ओळीची असते.

या चारही गोष्टींसाठी नवा कायदा नको. सोडतीची जाहिरात निघण्याआधी दोन महिने प्रत्येक प्रभाग कार्यालयात कागद तपासणीचे एक टेबल लागले, तर बरेच भागेल. त्या टेबलावर मात्र 'नाही' एवढेच सांगून चालणार नाही. 'हे का नाही आणि आता कुठे जायचे' हे लिहून द्यावे लागेल.

पुढचा प्रश्न: माणसाने शोधायचे कुठे? मुंबई महानगरात राहणाऱ्याला म्हाडाचे मुंबई मंडळ वेगळे, कोकण मंडळ वेगळे. नवी मुंबईत सिडको, तिची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे. पुण्यात म्हाडाचे पुणे मंडळ, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची चऱ्होली, रावेत, बोऱ्हाडेवाडीसारखी आवास योजनेतली घरे. खासगी प्रकल्पांतली २० टक्के योजनेची घरे आणखी वेगळ्या जाहिरातीत. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्याने २० टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, हा २०१३ चा नियम आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये अशी घरे आहेत का, हे तिथल्या रहिवाशाला सांगणारी एकही पाटी त्या कुंपणावर नसते. बांधकाम परवानगीच्या फलकावर महारेरा क्रमांकाच्या (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाच्या) खालीच 'या प्रकल्पात म्हाडाकडे जाणारी घरे: इतकी' अशी एक ओळ सक्तीची करा. शोधणाऱ्याला कळेल, आणि लपवणाऱ्याला लपवणे जड जाईल.

त्यातून शब्दांचा घोळ. 'अत्यल्प उत्पन्न गट' म्हणजे म्हाडाच्या लेखी मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत वर्षाला ६ लाखांपर्यंत आणि राज्याच्या इतर भागांत साडेचार लाखांपर्यंत. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० च्या चौकटीत मात्र अत्यल्प गट ३ लाखांपर्यंत, अल्प ३ ते ६, मध्यम ६ ते ९. एकच कुटुंब एका अर्जात अत्यल्प, दुसऱ्यात अल्प ठरते. शिवाय म्हाडाच्या सोडतीत घर ज्या हद्दीत आहे तिथे स्वतःचे घर नसावे अशी अट, तर आवास योजनेत देशात कुठेही पक्के घर नको आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नको. गावाकडच्या वडिलोपार्जित दोन खोल्यांत हिस्सा असलेला माणूस पहिल्यात बसतो, दुसऱ्यात अडकतो, आणि हे त्याला पैसे भरल्यावर कळते. नव्या पोर्टलवर आधी प्रश्न विचारा: पिन कोड, कुटुंबाचे उत्पन्न, गावी घर आहे का, राज्यात किती वर्षे. उत्तरात चालू असलेल्या योजना दाखवा, किमतीसकट. सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांसाठी नोंदणी आधी घेतली आणि किमती जानेवारी २०२५ मध्ये सांगितल्या. अल्प उत्पन्न गटातल्या माणसाला किंमत न सांगता पसंतीक्रम विचारणे ही थट्टा आहे.

किमतीवरून आठवले. २०२३ च्या मुंबई सोडतीत ४,०८२ घरांसाठी सुमारे १ लाख २० हजार अर्ज आले, असे सगळ्यांनी छापले. त्यातली १,९४७ घरे पहाडी गोरेगावला आवास योजनेतली, किंमत साधारण ३० लाख ४४ हजार. केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाखांचे अनुदान वजा करा, तीनएक लाख अर्जदाराने उभे केले असे धरा, कर्ज उरते २५ लाख. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साडेबावीस हजार. वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार मिळवणाऱ्याला हे कर्ज कोणती बँक देईल? पुढे मुंबई महानगरासाठी आवास योजनेची ही ३ लाखांची उत्पन्न मर्यादा ६ लाखांवर नेली, ते योग्यच झाले. पण महिना २५ हजारवाल्याचा प्रश्न त्याने सुटला नाही, तो यादीतून बाहेर पडला इतकेच. २०२४ मध्ये म्हाडाने विकासकांकडून मिळालेल्या घरांच्या किमती अत्यल्प गटासाठी २५ टक्के आणि अल्प गटासाठी २० टक्के कमी केल्या, तेव्हाही हप्त्याचे गणित याच भिंतीला अडले.

या माणसाला घर विकत घ्यायचे नाही, निदान आज तरी नाही. त्याला भाड्याने हवे आहे. आणि आपली सगळी यंत्रणा विक्रीची आहे.

असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना काढली, १६० चौरस फुटांच्या खोल्या. त्या भाड्याने फारशा गेल्याच नाहीत. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फूट केले आणि गिरणी कामगारांना विकत दिले. २०२० मध्ये केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आणली, आणि आता आवास योजना २.० मध्ये भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. त्यात शासनाच्या पैशातून बांधलेली रिकामी घरे भाड्याने देण्याची सोय आहे. दुसरीकडे कोकण मंडळाची विरार-बोळींजची घरे पाण्यावाचून वर्षानुवर्षे पडून राहिली. शिरढोण, खोणीतलीही घरे सोडतीत खपेनात, म्हणून 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' करावे लागले. रिकामे घर राखायला रखवालदार लागतो, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, लिफ्टची दुरुस्ती लागते. दोन सोडतींत न खपलेले घर तिसऱ्यांदा जाहिरातीत घालण्यापेक्षा पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने द्या. भाडे गटाच्या उत्पन्नाशी बांधा, बाजाराशी नको. आणि आधी पाणी आणि बस पाहा. ही दोन नसली तर भाड्यानेही कुणी जाणार नाही.

राहिली भाड्याची थेट मदत. 'आपल्याकडे असे काही नसते' हे उत्तर प्रत्येक कार्यालयात मिळते. नसते कसे? जुन्या करप्रणालीत पगारदाराला घरभाडे भत्त्यावर करसवलत आहे. भत्ता नसणाऱ्याला त्याच प्रणालीत आयकराच्या कलम ८०जीजीखाली महिना पाच हजारांपर्यंत वजावट आहे. म्हणजे भाड्याची मदत आहे, पण कर भरण्याइतके कमावणाऱ्याला. झोपडपट्टी पुनर्वसनात विकासकाला दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे लागते आणि तिसऱ्या वर्षाचे धनादेश द्यावे लागतात. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव असणाऱ्यालाच ते मिळते. झोपडीत भाड्याने राहणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही. आणि सामाजिक न्याय विभागाची स्वाधार योजना तर सरळ खात्यात पैसे देते: वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्यात राहण्याचे २० हजार. म्हणजे भाड्याचे पैसे मोजून खात्यावर पाठवणे शासनाला जमते. ते कुटुंबासाठी करायचे आहे.

आमची सूचना अशी. उत्पन्नाच्या मर्यादेतल्या कुटुंबाने नोंदणीकृत करार केला, तर त्याचे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि हाताळणी फी शासनाने भरावी. वर हिशेब दिला आहे, एका कुटुंबामागे १,७०० रुपये, आणि तेही बहुतांश शासनाच्याच तिजोरीत जाणारे. दुसरी पायरी म्हणून घरातला कमावता माणूस गेला, आजारपण आले, कारखाना बंद पडला, अशा वेळी तीन ते सहा महिन्यांच्या भाड्याचा काही भाग थेट द्यावा, अट एकच, करार नोंदलेला हवा. मग भाडेकरूच घरमालकाच्या मागे लागेल की करार नोंदवा. मालकालाही कळेल, की नोंदणीमुळे भाडे बुडायची भीती कमी होते. आणि नोंदणी विभागाच्या सर्व्हरवर साठलेले हेच करार पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून अधिवास प्रमाणपत्रासाठी आपोआप ग्राह्य धरा. तहसीलदाराला ते ऑनलाइन दिसले, की पिशवीतल्या पिवळ्या पडलेल्या नोटरीच्या कागदांची गरज उरत नाही.

डिपॉझिटवर मर्यादा हवी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याची आहे. आपल्या १९९९ च्या कायद्यात नाही. ती नसल्याने 'हेवी डिपॉझिट'चा धंदा फोफावला. तीन-चार लाख एकदम द्या, दोन वर्षे भाडे नाही, मुदत संपली की पैसे परत. गावची जमीन किंवा दागिने मोडून लोक ही रक्कम उभी करतात. यात बुडण्याचे प्रकार ठरलेले आहेत: एकच खोली तिघांना दिलेली असते, देणारा मालकच नसतो, किंवा घर बँकेकडे गहाण असते आणि हप्ते थकल्यावर बँक सरफेसी (थकीत कर्ज वसुलीच्या) कायद्याने ताबा घेते. नोटरीच्या कागदावर राहणाऱ्याला तेव्हा दारावर चिकटवलेली नोटीसच पहिल्यांदा सगळे सांगते. पैसे देण्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या घराची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढावी, मालकाचे नाव तिच्याशी, वीजबिलाशी आणि सोसायटीच्या भागदाखल्याशी जुळवावे, सोसायटीला गहाणाबद्दल विचारावे, रक्कम बँकेतूनच द्यावी आणि तिचा आकडा नोंदणीकृत करारात लिहून घ्यावा. आकडा करारात लिहायला मालक नकार देत असेल, तर तिथूनच परतावे.

म्हाडाच्या नावाने फिरणाऱ्या दलालांबद्दल म्हाडा दर जाहिरातीत इशारा देते, २०२४ च्या सोडतीच्या वेळी तर बनावट संकेतस्थळही उघडकीस आले. इशारे पुरत नाहीत. माणूस दलालाकडे जातो कारण दलाल रविवारीही भेटतो, मराठीत समजावतो आणि फोन उचलतो. प्रभाग कार्यालयातले टेबल रविवारी सकाळी उघडे ठेवा, दलालाचे अर्धे गिऱ्हाईक तुटेल.

सुरुवात करायला सगळे राज्य नको. एक महानगरपालिका, एक विभाग, पुढच्या सोडतीआधीचे तीन महिने. किती लोक टेबलाशी आले, किती अर्ज पुरे झाले, किती कशामुळे अडले, किती करार नोंदले गेले, हे चार आकडे महिन्याच्या महिन्याला फलकावर लावा. आमच्यापैकी जे त्या भागात आहेत ते टेबलावर बसायला तयार आहेत, मानधन नको, बसायला खुर्ची आणि चालणारा प्रिंटर असला म्हणजे झाले.

आपले,
गृहनिर्माण योजनांचे अर्ज भरून देण्यास मदत करणारे कार्यकर्ते

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे (कलम ५५ च्या अंमलबजावणीसंदर्भात)
मा. राज्य लोकसेवा हक्क आयोग (अधिवास व उत्पन्न दाखल्यांच्या १५ दिवसांच्या मुदतीसंदर्भात)